दोन रेडिओंमधली लिंक पासवर्ड लावला की तुटते: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

ग्रामपंचायतीच्या इमारतीपर्यंत फायबर आली. तिथून जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य उपकेंद्र किंवा गावाबाहेरचं गोदाम अशा ठिकाणी नेट न्यायचं, तर छपरावर दोन रेडिओ समोरासमोर लावतात: इकडचा एपी (ॲक्सेस पॉइंट, जोडून घेणारा), तिकडचा स्टेशन (त्याला जाऊन जोडणारा). विदर्भातल्या बऱ्याच गावांत हीच पद्धत आहे. या जोडणीत एकच बिघाड पुन्हा पुन्हा येतो. लिंकवर एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डची कुलूपबंदी, लावलं की ती बसत नाही, किंवा बसते आणि सुटते. मग कुणीतरी पासवर्ड काढून टाकतं, नेट सुरू होतं आणि लिंक वर्षभर तशीच उघडी राहते.

लक्षणं

खालच्यांपैकी आपलं लक्षण कोणतं, हे आधी ठरवा. पुढची अर्धी मेहनत त्याने वाचते.

क) स्टेशनच्या स्कॅनमध्ये समोरचा एपी दिसतो, सिग्नलही ठीक आहे, पण जोडणी एकदाही होत नाही.

ख) जोडणी होते, काही सेकंदांत तुटते, पुन्हा होते, पुन्हा तुटते. लॉगमध्ये ‘फोर-वे हँडशेक’ किंवा ‘की एक्स्चेंज टाइमआउट’ अशा ओळी दिसतात.

ग) जोडणी पक्की आहे, एका रेडिओवरून दुसऱ्याला पिंग (छोटा चाचणी संदेश) लागतो, पण शाळेतल्या संगणकांना आयपी (नेटवरचा पत्ता) मिळत नाही.

घ) लिंक ठरावीक अंतराने सुटते: दर पाच मिनिटांनी, दर दहा मिनिटांनी किंवा बरोबर तासाने.

च) लिंक चालते, पण वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही.

छ) लाइन जाऊन आली की लिंक आपोआप उभी राहत नाही. कुणीतरी स्विच बंद-चालू करावा लागतो.

या सगळ्यांत एक लक्षण समान असू शकतं: पासवर्ड काढला की सगळं सुरळीत. त्यावरून लोक पासवर्डला दोष देतात. तो निष्कर्ष अनेकदा चुकीचा निघतो. कारण समजून घ्या.

उघड्या लिंकमध्ये स्टेशनने ‘मला जोडून घे’ म्हटलं आणि एपीने हो म्हटलं की काम झालं. डब्ल्यूपीए२ (वायफायची नेहमीची सुरक्षा पद्धत) मध्ये त्यानंतर दोघांमध्ये चार संदेशांची देवाणघेवाण होते. हाच तो फोर-वे हँडशेक. हे चारही संदेश क्रमाने आणि वेळेत पोचावे लागतात. एपी मोजकेच प्रयत्न करतो, मग स्टेशनला बाहेर काढतो. सिग्नल अशक्त असेल, अंतराची सेटिंग चुकीची असेल किंवा पीओईचा (लॅन केबलमधूनच रेडिओला दिलेल्या विजेचा) व्होल्टेज पडत असेल, तरी उघडी लिंक रडतखडत चालते. एन्क्रिप्शनची लिंक मात्र या चार संदेशांतच अडकते. म्हणजे एन्क्रिप्शन बिघाड निर्माण करत नाही, आधीपासून असलेला बिघाड उघडा पाडतं.

आणखी एक गोष्ट. पासवर्ड खरोखर चुकीचा असतो, तेव्हाही लॉगमध्ये बहुतेक वेळा ‘टाइमआउट’च लिहून येतं. स्टेशनचा दुसरा संदेश एपीला आपल्या किल्लीशी (पासवर्डवरून तयार होणाऱ्या आकड्याशी) पडताळता येत नाही, म्हणून एपी तो गुपचूप टाकून देतो आणि पुन्हा पहिला संदेश पाठवतो. शेवटी वेळ संपते. त्यामुळे चुकीचा पासवर्ड आणि अशक्त सिग्नल लॉगमध्ये एकसारखे दिसतात. फरक ओळखायचा तो वारंवारतेवरून. किल्ली चुकीची असेल तर लिंक एकदाही बसणार नाही. सिग्नलचा दोष असेल तर अधूनमधून बसेल, पहाटे बसेल आणि दुपारी सुटेल.

लिंक उघडी ठेवून निघून जाऊ नका. छपरावरचा डिश अँटेना गावाबाहेर किलोमीटरभर ऐकू जातो. उघड्या लिंकवरून कुणीही ग्रामपंचायतीच्या जोडणीत शिरू शकतं आणि त्याने केलेल्या उद्योगाचा माग तुमच्या आयपीपर्यंत येतो. २००८ च्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांआधी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका असुरक्षित वायफायपर्यंत पोचला होता. ज्याचं वायफाय होतं, तो चौकशीत अडकला.

पहिली तपासणी: अपटाइम आणि पाच मिनिटांची वाट

यात पैसा लागत नाही. दोन्ही रेडिओंच्या मुख्य पानावर अपटाइम, म्हणजे रेडिओ सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. तुम्ही हात लावलेला नसताना अपटाइम दोन-चार मिनिटांचाच दिसत असेल, तर रेडिओ स्वतःच बंद पडून सुरू होतोय. किल्लीचा विचार सोडा आणि थेट विजेच्या तपासणीकडे जा.

लाइन आत्ताच आली असेल तर किमान पाच मिनिटं काही करू नका. एक टोक गावठाण फीडरवर आणि दुसरं शेतीच्या फीडरवर असेल, तर दोघांना वीज वेगवेगळ्या वेळी मिळते. शिवाय ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ निवडला असेल, तर एपीला आधी रडार नाही ना हे ऐकत बसावं लागतं. साधारण एक मिनिट, आणि १२० ते १२८ या चॅनलांवर दहा मिनिटंही. तेवढ्या वेळात तो प्रक्षेपणच करत नाही. घाईने पासवर्ड बदलणारा माणूस इथेच एका बिघाडाचे दोन करतो. बाहेरच्या लिंकसाठी १४९ ते १६५ मधला एक चॅनल पक्का करून ठेवा, म्हणजे ही वाट बघणं राहत नाही. ‘ऑटो’ चॅनल नको. काही घरगुती राउटरांच्या डब्ल्यूडीएसमध्ये (राउटर ते राउटर बिनतारी जोडणीत) मुख्य राउटरने चॅनल बदलला की दुसऱ्याला तो सापडतच नाही.

दुसरी तपासणी: नाव आणि किल्ली, अक्षर न् अक्षर

डब्ल्यूपीए२ चा पासफ्रेज ८ ते ६३ अक्षरांचा असतो. त्यात साधी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं चालतात. चुका कुठे होतात ते बघा.

मोबाईलवरून सेटिंग करताना कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. कॉपी-पेस्ट केल्यावर शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते आणि ती ठिपक्यांत दिसत नाही. शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल यांत गल्लत होते. पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवला आणि त्यात दोन तारांकनं किंवा दोन अधोरेखा असतील, तर ॲप त्यांना ठळक किंवा तिरक्या अक्षरांची खूण समजतं. पलीकडे वाचून टाइप करणाऱ्याला ती चिन्हं दिसतच नाहीत. काही जुन्या फर्मवेअरना (रेडिओच्या आतल्या सॉफ्टवेअरना) अवतरणचिन्ह, डॉलरचं चिन्ह किंवा अँपरसँड पचत नाही. सेव्ह झालं असं दाखवतात आणि आत अर्धाच पासवर्ड ठेवतात.

म्हणून लिंकसाठी किमान २० अक्षरांचा, फक्त छोटी अक्षरं आणि अंक असलेला, कोणत्याही शब्दावर न बेतलेला पासफ्रेज घ्या. गोंधळात टाकणारी अक्षरं वगळा. लांबी पुरेशी असली की चिन्हांची गरज उरत नाही. दोन्ही टोकांना ‘पासवर्ड दाखवा’ करून एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने फोनवर ताडून बघायचा.

लिंकचं नाव, म्हणजे एसएसआयडी, हीसुद्धा तपासायची गोष्ट आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये पासफ्रेज आणि एसएसआयडी एकत्र करून, ४०९६ वेळा गणित फिरवून २५६ बिटांची खरी किल्ली तयार होते. म्हणजे नाव बदललं की किल्ली बदलते. पासफ्रेजऐवजी ६४ आकडी हेक्स किल्ली (० ते ९ आणि ए ते एफ यांची) थेट भरली असेल, तर एका टोकाला ती कुठल्या तरी जुन्या नावावरून काढलेली असू शकते. नावात देवनागरी वापरू नका. एसएसआयडीची मर्यादा ३२ बाइटची आहे आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्त धरून, ३ बाइट खातं. नुसतं ‘ग्रामपंचायत’ लिहिलं तरी ३३ बाइट होतात. एक रेडिओ ते नाकारतो, दुसरा शेवट कापून ठेवतो आणि दोन्ही टोकांना वेगळी नावं बसतात.

एसएसआयडी लपवून सुरक्षा वाढत नाही, उलट जोडणीचा त्रास वाढतो. लपवलं असेल तर तपासणीपुरतं तरी उघडं करा.

किल्ली दोन्हीकडे सारखी आहे, तरी लाइन गेल्यावर बिघडते? मग सेटिंग खरोखर साठवली होती का ते बघा. काही रेडिओंमध्ये ‘चेंज’ दाबल्यावर वर आणखी एक ‘अप्लाय’ची पट्टी येते. ती दाबली नाही तर बदल लागूच होत नाही. ‘टेस्ट’ दाबून सोडलं तर काही मिनिटांत जुनी सेटिंग परत येते.

तिसरी तपासणी: एन्क्रिप्शनचा प्रकार

दोन्ही टोकांना डब्ल्यूपीए२-पीएसके (पासवर्डवर चालणारं डब्ल्यूपीए२) आणि सायफर, म्हणजे कुलूपबंदीचं गणित, फक्त एईएस ठेवा. काही रेडिओंत एईएसचं नाव सीसीएमपी किंवा एईएस-सीसीएम असं असतं, ती एकच गोष्ट आहे. ‘ऑटो’, ‘मिक्स्ड’, ‘टीकेआयपी+एईएस’ यांपैकी काहीही नको.

लक्षण ‘च’ याच ठिकाणी सुटतं. वायफायच्या ८०२.११एन मानकाच्या नियमानुसार टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी या जुन्या, कमजोर पद्धती लावल्या की वरचे वेग बंद होतात आणि लिंक ५४ एमबीपीएसवर अडकते. टीकेआयपीचा आणखी एक त्रास: एका मिनिटात दोन पॅकेटांची छाननी फसली, तर हल्ला झाला असं मानून एपी ६० सेकंद सगळं बंद ठेवतो. गोंगाट असलेल्या लिंकवर हे विनाकारण घडू शकतं. डब्ल्यूईपी तर २००१ मध्येच फोडलं गेलंय, त्याचा विचारही करू नका.

मायक्रोटिक कंपनीच्या रेडिओंत प्रोटोकॉल एनव्ही२ (त्यांची स्वतःची पद्धत) ठेवला असेल, तर नेहमीच्या सिक्युरिटी प्रोफाइलकडे तो लक्षच देत नाही. त्याची सुरक्षा आणि किल्ली एनव्ही२ च्या वेगळ्या टॅबमध्ये असते. प्रोफाइलमध्ये पासवर्ड भरून लिंक सुरक्षित झाली असं समजणाऱ्यांची लिंक प्रत्यक्षात उघडी असते. हे मुद्दाम जाऊन बघा.

डब्ल्यूपीए३ (डब्ल्यूपीए२ नंतरची पद्धत) दोन्ही रेडिओंत असेल तर जरूर वापरा, पण एकाच टोकाला असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय लावून वेळ घालवू नका. नुसत्या डब्ल्यूपीए३ मध्ये पीएमएफ, म्हणजे व्यवस्थापन फ्रेमचं (जोडणं-तोडणं सांगणाऱ्या संदेशांचं) संरक्षण, सक्तीचं असतं. मिश्र पर्यायात ते ऐच्छिक असतं, पण काही जुनी स्टेशनं तिथेही अडतात. सक्तीचं असेल तर जुन्या स्टेशनला ते जमत नाही आणि तो दारातूनच परततो. डब्ल्यूपीए२ वर पीएमएफ ‘सक्तीचं’ ठेवलं असेल तरी तेच होतं. लक्षण ‘छ’ मध्येही पीएमएफचा हात असू शकतो. एपी बंद पडून सुरू झाला की तो स्टेशनला ‘तू आता जोडलेला नाहीस’ असं साध्या, असुरक्षित फ्रेममध्ये सांगतो. पीएमएफ असलेलं स्टेशन त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही, आधी खातरजमा करतं. काही जुन्या फर्मवेअरमध्ये ही खातरजमा नीट होत नाही आणि स्टेशन मेलेल्या जोडणीला धरून बसतं. तिथे डब्ल्यूपीए२-एईएस ठेवून पीएमएफ ‘ऐच्छिक’ किंवा बंद करून बघा, आणि शक्य होईल तेव्हा फर्मवेअर बदला.

चौथी तपासणी: जोडणीची पद्धत आणि बदललेला रेडिओ

जूनच्या पहिल्या विजांत एका टोकाचा रेडिओ जळतो आणि बाजारात मिळेल तो दुसरा लावला जातो. त्यानंतर लिंक बसत नसेल तर आधी एपीवरची मॅक-फिल्टरची यादी, म्हणजे कोणत्या मॅकला (यंत्राच्या ओळखक्रमांकाला) आत घ्यायचं ती यादी, बघा. जुन्या रेडिओचा मॅक तिथेच पडून असतो.

मग दोन्ही रेडिओ एकाच कंपनीचे आहेत का ते बघा. युबिक्विटीचं एअरमॅक्स, टीपी-लिंक फॅरोसचं मॅक्सस्ट्रीम आणि मायक्रोटिकचं एनव्ही२ या ज्याच्या त्याच्या खाजगी पद्धती आहेत. त्या चालू असतील तर दुसऱ्या कंपनीचा रेडिओ जोडला जाणार नाही. बंद करता येत असतील तर बंद करून साध्या वायफायवर लिंक बसते, पण वेग आणि स्थिरता कमी होते. आमचं स्पष्ट मत: लिंकचे रेडिओ जोडीने घ्या आणि एक जळला तर त्याच मालिकेतला आणा. हजार-दीड हजार वाचवायला गेलं की प्रत्येक पावसाळ्यात छपरावर चढावं लागतं.

लक्षण ‘ग’ चं उत्तरही इथेच आहे. साध्या क्लायंट मोडमध्ये वायफायच्या फ्रेममध्ये तीनच पत्ते असतात, त्यामुळे स्टेशनमागच्या संगणकांचे मॅक पलीकडे पोचत नाहीत. किल्ली बरोबर, सिग्नल बरोबर, पण डीएचसीपीचं (आयपी वाटणाऱ्या सेवेचं) उत्तर परत येत नाही. त्यासाठी चार पत्त्यांची पद्धत लागते: दोन्हीकडे डब्ल्यूडीएस, किंवा कंपनीनुसार ‘ट्रान्सपरंट ब्रिज’ किंवा ‘स्टेशन ब्रिज’. मायक्रोटिकचा ‘स्टेशन ब्रिज’ फक्त मायक्रोटिकच्या एपीशी चालतो. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर बसवायच्या खुल्या फर्मवेअरमध्ये) एपी आणि क्लायंट, दोन्ही बाजूंना डब्ल्यूडीएसचा पर्याय चालू करावा लागतो.

जुन्या घरगुती राउटरांतलं डब्ल्यूडीएस वेगळ्या प्रकारचं असतं. दोन्हीकडे एकमेकांचे मॅक लिहायचे आणि झालं. त्यात एपी-स्टेशन असं नातंच नसल्याने डब्ल्यूपीए२ ची देवाणघेवाण करायला जागा नसते. म्हणून त्यांच्या मेनूत फक्त ‘काही नाही’ किंवा ‘डब्ल्यूईपी’ दिसतं. तिथे कितीही डोकं लावलं तरी सुरक्षित लिंक होणार नाही. ते राउटर लिंकवरून काढा. शाळेत आतल्या वायफायला ते चालतील.

ओपनडब्ल्यूआरटीवर ८०२.११एस मेश (अनेक राउटर एकमेकांना जोडणारं जाळं) करत असाल आणि किल्ली लावली की मेश सुरूच होत नसेल, तर सोबत येणारं ‘डब्ल्यूपॅड-बेसिक’ काढून ‘डब्ल्यूपॅड-मेश’ किंवा पूर्ण ‘डब्ल्यूपॅड’ पॅकेज बसवा. बेसिकमध्ये मेशचं एन्क्रिप्शन नाही. पॅकेज काढण्याआधी नवीन पॅकेज डाउनलोड करून ठेवा, नाहीतर मध्येच वायफायही जातं आणि नेटही.

पाचवी तपासणी: उघडी चाचणी, दहा मिनिटांपुरती

आता दोष किल्लीचा की रेडिओचा, हे वेगळं करायचं. आधी ग्रामपंचायतीच्या टोकाला रेडिओची नेटकडे जाणारी लॅन केबल काढा आणि लॅपटॉप पीओई अडॅप्टरच्या लॅन पोर्टला थेट लावा, म्हणजे उघड्या लिंकमधून कुणाला आत शिरायला वाट राहणार नाही. दोन्हीकडे एन्क्रिप्शन बंद करा. आधी दूरच्या टोकाला, मग जवळच्या. हा क्रम कायम लक्षात ठेवा: लिंकचा कोणताही बदल आधी पलीकडे करायचा, मग अलीकडे. उलट केलं तर पलीकडचा रेडिओ हातातून जातो आणि तिथे जाऊन तार लावावी लागते.

एका रेडिओवरून दुसऱ्याला ५०० पिंग सोडा. एकही हरवला नाही आणि वेळ दोन-पाच मिलिसेकंदांच्या आसपास स्थिर राहिली, तर रेडिओचा मार्ग स्वच्छ आहे. दोष किल्ली, सायफर किंवा फर्मवेअरमध्ये आहे, दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीकडे परत जा. पिंग हरवत असतील, वेळ १०० मिलिसेकंदांच्या वर उड्या मारत असेल, तर किल्लीला दोष देणं थांबवा आणि पुढे वाचा. चाचणी झाली की एन्क्रिप्शन परत लावल्याशिवाय लॅन केबल जोडू नका.

सहावी तपासणी: सिग्नल, अंतर, सागाची पानं

सिग्नल उणे ४५ ते उणे ६५ डीबीएमच्या दरम्यान हवा (हे सिग्नलचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). उणे ७५ च्या खाली गेला की हँडशेक डळमळतो. फार जास्त सिग्नलही वाईट. दोनशे मीटरच्या लिंकवर पूर्ण पॉवर ठेवली आणि सिग्नल उणे ३० च्या आत आला, तर रिसीव्हर गुदमरतो आणि लक्षण ‘ख’ दिसतं. पॉवर टप्प्याटप्प्याने कमी करा. ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत.

अंतराची सेटिंग बघा. प्रत्येक पॅकेटनंतर रेडिओ पोचपावतीची वाट बघतो. लहरीला २ किलोमीटर जाऊन परत यायला सुमारे १३ मायक्रोसेकंद लागतात. घरातल्या वापराच्या हिशेबाने ठेवलेली वाट बघण्याची मुदत त्याआधीच संपते, रेडिओ तेच पॅकेट पुन्हा पाठवतो आणि हँडशेकचे संदेश एकमेकांत गुंततात. खऱ्या अंतरापेक्षा थोडा जास्त आकडा दोन्हीकडे भरा. ‘ऑटो’ असेल आणि लिंक डोलत असेल तरी हाताने भरा.

मधला मार्ग डोळ्याला दिसतो म्हणजे मोकळा असतो असं नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या १ किलोमीटर लिंकला मध्यावर सरळ रेषेभोवती सुमारे ३.६ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि तिच्यातली किमान ६० टक्के, म्हणजे २ मीटरहून थोडी जास्त, मोकळी हवी. २.४ गिगाहर्ट्झला हीच त्रिज्या सुमारे ५.६ मीटर होते.

गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, मेळघाट या सागाच्या पट्ट्यात एक गोष्ट दरवर्षी घडते. एप्रिल-मे मध्ये साग निष्पर्ण असतो, तेव्हा लिंक लावतात आणि सिग्नल उत्तम येतो. जुलैत ताटाएवढी पानं फुटतात, वर पावसाचं पाणी चढतं आणि सिग्नल १० ते १५ डीबीने खाली येतो. मग ‘पावसाळ्यात पासवर्ड चालत नाही’ अशी तक्रार येते. अशा ठिकाणी खांब झाडांच्या शेंड्यांच्या वर न्यावा लागतो किंवा मध्ये एखाद्या टेकडीवर वळण द्यावं लागतं. उन्हाळ्यातल्या सिग्नलवर विसंबून खांबाची उंची ठरवू नका.

लक्षण ‘घ’ इथे बसतं. सर्वांसाठीची सामायिक किल्ली एपी ठरावीक वेळाने बदलतो. मायक्रोटिकच्या जुन्या वायरलेस पॅकेजमध्ये ही वेळ मुळात ५ मिनिटांची असते. ओपनडब्ल्यूआरटीत एपी चालवणाऱ्या होस्टएपीडी या प्रोग्रॅममध्ये टीकेआयपी असेल तर १० मिनिटं आणि एईएस असेल तर २४ तास. काही रेडिओंत तासाची असते. लिंक अशक्त असेल तर बदलाचा संदेश हरवतो आणि स्टेशन बाहेर फेकलं जातं. वेळ तासापर्यंत वाढवली तर त्रास कमी होतो, पण मूळ दोष सिग्नलचाच असतो. त्यावर काम करा.

सातवी तपासणी: वीज, तार आणि ऊन

साध्या पॅसिव्ह पीओईत २४ व्होल्ट केबलच्या ४-५ या तारांवर धन आणि ७-८ वर ऋण असे वर जातात. रेडिओ जोडलेला आणि चालू असताना वरच्या टोकाला मल्टीमीटरने मोजा. रेडिओ काढून मोजलं तर २४ च दिसतील, त्यातून काही कळत नाही. रेडिओच्या लेबलवर लिहिलेल्या किमान व्होल्टेजच्या जवळ आकडा येत असेल, तर प्रक्षेपणाच्या क्षणी तो आणखी खाली जातो. दिवे लागलेले राहतात आणि पॅकेटं मात्र हरवतात. कारण बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल असते. शुद्ध तांब्याची, बाहेरच्या वापराची केबल घ्या आणि लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. पाणी उतरलेला, हिरवट पडलेला आरजे-४५ कनेक्टर कापून नवा क्रिम्प करायला दहा रुपयेही लागत नाहीत, तो आधी बदला.

रब्बीत हरभरा-गव्हाच्या पाण्यासाठी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतो. अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो सांभाळून घेतो. जुना, वजनदार, ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर असेल तर मेनचा व्होल्टेज पडला की त्याचाही आउटपुट पडतो. तो बदला.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि टिनाच्या छपराखालच्या लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी जास्त. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या वापरासाठी बनवलेले असतात. लिंक दुपारी १२ ते ५ तुटते आणि रात्री आपोआप बसते, असं असेल तर पेटी सावलीत न्या, वर-खाली जाळीची भोकं ठेवा.

आठवी तपासणी: फर्मवेअर आणि घड्याळ

२०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या हँडशेकमधली क्रॅक नावाची त्रुटी जाहीर झाली. तिचा मुख्य फटका क्लायंट बाजूला, म्हणजे आपल्या लिंकमध्ये स्टेशनला बसतो. त्याआधीचं फर्मवेअर असेल तर बदलायलाच हवं. आधी दूरचा रेडिओ, मग जवळचा, दोन्हीकडे सेटिंगची बॅकअप फाइल काढून. इन्व्हर्टरवर असल्याशिवाय फर्मवेअर चढवू नका. मध्येच लाइन गेली तर रेडिओ कायमचा निकामी होतो.

पासफ्रेजच्या लिंकला घड्याळाशी देणंघेणं नाही. पण लिंक रेडियस सर्व्हर (कोणाला जोडायचं ते तपासणारा वेगळा संगणक) आणि प्रमाणपत्रावर असेल, तर लाइन गेल्यावर बॅटरी नसलेल्या रेडिओचं घड्याळ १९७० किंवा कुठल्या तरी जुन्या तारखेवर जातं. त्याच्या दृष्टीने सर्व्हरचं प्रमाणपत्र ‘अजून सुरूच झालेलं नाही’, म्हणून तो जोडणी नाकारतो. आणि लिंक नसल्यामुळे इंटरनेटवरून वेळही मिळत नाही. दोन रेडिओंच्या गावलिंकला ही व्यवस्था नको, लांब पासफ्रेज पुरेसा आहे. तो पासफ्रेज शाळेच्या वायफायचा मात्र नसावा. डब्ल्यूपीए२ मध्ये किल्ली माहीत असलेला माणूस हँडशेक पकडून इतरांची वाहतूक वाचू शकतो. वर्गातल्या वायफायचा पासवर्ड वेगळा, लिंकचा वेगळा, आणि लिंकचा कागद बंद पाकिटात ग्रामपंचायतीच्या दप्तरी. डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडण्याचं) बटण दोन्हीकडे बंद.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

खांब ६ मीटरपेक्षा उंच असेल, ताणाच्या तारा सैल झाल्या असतील, किंवा महावितरणची तार खांब पडला तर पोचेल इतक्या जवळ असेल, तर चढू नका. सुरक्षा पट्टा आणि अनुभव असलेला टॉवरचा माणूस बोलवा. तारेचा प्रश्न असेल तर १९१२ वर तक्रार करा.

रेडिओची बॉडी, खांब किंवा केबल यांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लगेच मेन बंद करा. न्यूट्रल किंवा अर्थिंग बिघडलेलं आहे आणि ते परवानाधारक वायरमनचं काम आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून त्याला मे अखेरीस अर्थपिट मोजायला सांगा. वीज पडून गेल्यावर लॅन पोर्ट मेला असेल तर तोच रेडिओ उघडून दुरुस्त करू नका. सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग) आणि अर्थिंग तपासल्याशिवाय नवाही चढवू नका.

फायबरची पेटी, ओएनटी (फायबर जिथे संपते आणि लॅन पोर्ट मिळतो तो डबा) आणि त्यामागचं काही उघडू नका. ते तुमच्या हद्दीत येत नाही. ओएनटीच्या लॅन पोर्टला लॅपटॉप लावून नेट येत नसेल, तर दोष तुमच्या लिंकचा नाही, यंत्रणेकडे तक्रार नोंदवा.

उघडी चाचणी स्वच्छ निघाली, दोन्हीकडे डब्ल्यूपीए२-एईएस आहे, फर्मवेअर नवं आहे, फॅक्टरी रिसेट करून फक्त एसएसआयडी आणि पासफ्रेज भरले, दोन्ही रेडिओ एका टेबलावर पॉवर कमीत कमी ठेवून समोरासमोर लावले आणि तरीही हँडशेक होत नाही, तर एका रेडिओचं हार्डवेअर गेलंय. वॉरंटीत असेल तर परत करा.

तंत्रज्ञाला फोन करण्याआधी एवढं लिहून ठेवा: दोन्ही रेडिओंचं मॉडेल आणि फर्मवेअर आवृत्ती, मोड, चॅनल आणि त्याची रुंदी, दोन्ही टोकांचा सिग्नल, खरं अंतर, दोन्हींचे अपटाइम, उघड्या चाचणीतले हरवलेले पिंग, वर मोजलेला व्होल्टेज आणि लॉगच्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो. फोटोत पासफ्रेज दिसत असेल तर तो झाकूनच पाठवा.